बदक, डुक्कर आणि केशवराव

केशवरावाला ऐन पोळ्याला अंथरुणावर पाडायचं, या एका कामापायी मी शहाऐंशी साल खर्ची घातलं. संत्र्यांवर रोग पडला तरी तिकडे पाहिलं नाही. मला रोग दुसऱ्याच झाडावर पाडायचा होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात, ती गोटमार. चौऱ्याऐंशीच्या गोटमारीत जाम नदीच्या पलीकडून, सावरगावाकडून गोटा आला आणि माझा समोरचा दात घेऊन गेला. त्याचा मला राग नव्हता. गोटमारीत गोटाच लागणार, लाडू थोडाच लागणार! पण पुढच्या पोळ्याला सावरगावच्या केशवरावाने आपल्या पांढऱ्या बैलाच्या गळ्यात, घुंगरांच्या मधोमध एक दात लटकवला आणि तोरणाखाली सगळ्यांच्या देखत ओरडला, "पाहा बे, पांढुर्ण्याच्या भैय्याजीचा दात! नदीत सापडला मले!" माणसं तर हसलीच, बैलही हसला. मी डोळ्यांनी पाहिलं.

माझा साळा प्रभाकर सौंसरला ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याला गाठलं.

"ढोराचा एखादा रोग माणसाले लावता येते का रे?"

"कोणाले लावून राहिले, भाऊजी?"

"केशवरावले."

तो खुर्चीवरून पडता पडता वाचला. पण साळाच तो, विद्या दाखवल्याशिवाय राहतो का? म्हणाला, "बदकाच्या पोटात फ्लू असते. बदकाले काही होत नाही, मजेत पोहते. पण त्या रोगाची किल्ली माणसाच्या कुलपाले बसत नाही. डुकराले मात्र दोनी कुलपं असते. बदकाचा फ्लू अन माणसाचा फ्लू एकाच वेळी डुकरात शिरले, त याचा सदरा तो घालते, त्याची टोपी हा घालते, अन तिसराच गडी बाहेर पडते. त्याले कोणाचंच अंग ओळखत नाही."

"मंग तोच गडी पाहिजे मले."

"भाऊजी, मी गंमत सांगून राहिलो!"

मी कशाला ऐकतो? मोहगावहून बदकांची जोडी आणली. बाजारात मोकाट फिरणारं एक काळं डुक्कर भाकरी दाखवत दाखवत घरामागे आणलं. आता हवा होता माणसाचा फ्लू. रामाकोन्यात घरोघरी खोकला चालू आहे असं कळलं, तर तिथे जाऊन आठ दिवस ओळखीपाळखीच्या घरी जेवलो. नाक वाहू लागताच परतलो. मग रोज सकाळी बदकाची घाण कालवलेली भाकर डुकरापुढे ठेवायची आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन खोकायचं.

"मायासंगं त कधी इतकं गुलूगुलू बोलले नाही," शकुबाई, म्हणजे माझी बायको, दारातून म्हणाली.

पोळ्याच्या पाच दिवस आधी डुक्कर खोकलं. असं खोकलं की घरावरची कवेलू सरकली. मी त्याला लगेच सावरगावात नेऊन केशवरावाच्या गोठ्यामागे सोडलं आणि परत फिरलो. घरी येऊन पाहतो तर डुक्कर माझ्याआधी नदी पोहून येऊन भाकरीची वाट पाहत बसलेलं!

दोन दिवसांनी तापाने मीच फणफणलो. रामाकोन्याचा ताप सर्दीवर निभावला होता. हा हाडं मोडणारा होता. शकुबाई रडायला लागली आणि मी हसायला लागलो. गडी तयार झाला होता, आता डुकराची गरजच काय?

आमच्याकडे पोळा फुटल्यावर बैल दारोदार नेतात. दारात आलेल्या बैलाचे पाय धुवायचे, त्याला आणि त्याच्या मालकाला टिळा लावायचा. बैल वैऱ्याचा असला तरी परत धाडता येत नाही. अंगात ताप घेऊन मी आपला बैल केशवरावाच्या दारात उभा केला. त्याने दात खात पाय धुतले. मला टिळा लावायला तोंड जवळ आणलं, तसा मी छातीच्या तळापासून खोकलो.

तिसऱ्या दिवशी तो पडला. तीन आठवडे उठला नाही. मी रोज नदीवर जाऊन त्याचा खोकला ऐकायचो आणि मग पोटभर जेवायचो.

पण दात बैलाच्या गळ्यातच होता. सत्याऐंशीच्या पोळ्याला केशवराव स्वतः तो बैल घेऊन माझ्या दारात आला. डोळे लाल, नाक लाल. मी मनात म्हटलं, खोक किती खोकतो ते, मला एकदा होऊन गेलाय, माझं अंग त्याला ओळखतं. मी पाय धुवायला वाकलो, तो कानाशी खोकला आणि म्हणाला, "भैय्याजी, तुमचंच वापस करून राहिलो."

त्याच क्षणी मी बैलाच्या गळ्यातला दोरा हिसकला. बैल उधळला, केशवराव त्याच्यामागे फरफटत गेला, दात माझ्या मुठीत राहिला!

दोन दिवसांनी मी पुन्हा अंथरुणावर. प्रभाकर आला.

"एकदा झालेला पुन्हा कसा झाला रे?"

"वर्षभर माणसामाणसांतून फिरला, भाऊजी. घरोघरी थोडं थोडं रूप बदललं त्यानं. तुमच्या अंगाले आता तो नवाच पाहुणा."

"होऊ दे. दात त आणला!" मी मूठ उघडली.

प्रभाकरने दात उचलला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. जनावरांचे दात पाहून वय सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "हा त बकरीचा आहे. दोन दाती बकरी, दीडक वर्षाची."

शकुबाई पदर तोंडात कोंबून आत पळाली. ताप एकशे तीन होता, तरी मी उठून बसलो.

"प्रभाकर, बकरीच्या अंगात किती कुलपं असते रे?"