काकांच्या गाडीचा जुना सायलेन्सर

मी सायलेन्सर बोलतोय. उंच, जुन्या डिझेल गाडीच्या पोटाखालून पुढपासून मागपर्यंत गेलेली काळी नळी तुम्ही कधी वाकून पाहिली असेल, तर मध्ये फुगलेला एक डबाही दिसला असेल. नळी आणि डबा मिळून मी. गाडी घेताना लोक रंग पाहतात, टायरला लाथ मारून पाहतात, सीटवर बसून पाहतात. माझ्याकडे कुणी पाहत नाही. मी बिघडलो की मात्र सगळ्या गल्लीला कळतं.

माझं काम साधं होतं. इंजिनातून येणारा गरम, विषारी धूर पुढून घ्यायचा, पोटातल्या नळ्यांमधून फिरवून त्याचा आवाज मारायचा आणि माणसांपासून लांब, गाडीच्या मागे सोडून द्यायचा. बस. पत्र्याच्या एका कारखान्यात मला वाकवलं, जोडलं, काळा रंग दिला आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या एका नव्याकोऱ्या गाडीखाली टांगलं. त्या दिवशी मी इतका चकचकीत होतो, की खालून जाणारा रस्ता मला माझ्या अंगात दिसायचा.

पहिली वर्षं दगडाच्या खाणीवर गेली. तिथे साहेब बदलत राहिले, ड्रायव्हर बदलत राहिले. गाडी सगळ्यांची होती, म्हणून कुणाचीच नव्हती. दगड खालून थडाथड लागायचे, चिखल अंगावर वाळायचा आणि तसाच राहायचा. खाण बंद पडली, तेव्हा गाडी काकांकडे आली.

त्यांना सगळेच काका म्हणत. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशात कायम एक लांब पेचकस. डोंगरावरच्या आरोग्य केंद्रासाठी त्यांनी गाडीला मागे पत्र्याची बंद खोली बांधून घेतली, आत दोन बाकं आणि एक स्ट्रेचर बसवला. वरच्या वाड्यांमधून रुग्ण खाली मोठ्या इस्पितळात न्यायचे आणि बरे झाले की परत वर सोडायचे, हे त्यांचं काम. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हताच. ओढ्यातून, मुरमातून, खडकावरून चढायचं.

काका संध्याकाळी पाण्याची नळी घेऊन आधी गाडीच्या खाली शिरत. वरचा भाग नंतर. माझ्या अंगावरचा चिखल ते हातानं खरवडून काढत. त्यांची पत्नी गेली त्यानंतर तर ते तासन् तास खाली पडून असत. मला वाटतं, त्यांना तिथे बरं वाटायचं.

त्यांचे कान हा त्या भागातला चर्चेचा विषय होता. कुणाची गाडी कुरकुरली, की तो काकांकडे येई. काका पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि सांगत, बेअरिंग गेलंय किंवा पट्टा ढिला आहे. कुणी चालू इंजिनाला चुकून परत चावी मारली आणि तो किर्रर्र आवाज झाला, तर काका अंगावर काटा आल्यासारखे करत. म्हणत, ‘‘दात पाडतोस का तिचे?’’

मग त्यांची मुलगी घरी परत आली. कायमची. सासरी काय झालं ते मला पूर्ण कळलं नाही. गाडीखाली जेवढं ऐकू येतं तेवढंच मी सांगू शकतो. एक ट्रंक आणि दोन पिशव्या मागच्या खोलीत ठेवल्या गेल्या आणि घरापर्यंतच्या सगळ्या वाटेत कुणी एक शब्द बोललं नाही. ती नर्स होती. थोड्याच दिवसांत तिला त्याच आरोग्य केंद्रात काम मिळालं. काका पुढे स्टिअरिंगवर आणि ती मागे रुग्णांजवळ, अशी त्यांची जोडी झाली. लोक तिला सिस्टर म्हणू लागले.

सुरुवातीला ती बडबड करायची. पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मध्ये एक लहान काच होती, तिला तोंड लावून काहीबाही सांगायची. आज अमक्या आजीनं गोळ्या उशीखाली लपवल्या होत्या, तमक्याच्या बाळाला दात आला. काका ‘हं’ म्हणायचे. कधी तेही नाही. घरी जेवताना ते ताटात पाहून जेवत, हे ती एकदा केंद्रातल्या आयाबाईंना सांगत होती. आयाबाई म्हणाल्या, वय झालं की माणूस गप्प होतो. ती म्हणाली, ‘‘नाही हो. मी परत आले ते त्यांना आवडलेलं नाही. बोलून दाखवत नाहीत, एवढंच.’’

हळूहळू तिनंही बोलणं सोडलं. वर जाताना गप्प, खाली येताना गप्प. दोघं एकाच गाडीत, एकाच घरात.

मला तेव्हा एक गोष्ट ठाऊक होती, ती तिला नव्हती. काका एकटे असताना आता पेचकसाची मूठ कानाला लावत नव्हते. ती दातांत धरत. इंजिनाची थरथर दातांतून डोक्यात जाते, ती कानाला ऐकू येत नसली तरी. एकदा त्यांनी बराच वेळ तशी मूठ धरली, मग पेचकस खाली ठेवला आणि गाडीखाली, माझ्या शेजारी, नुसतेच पडून राहिले.

याच काळात मला गंज धरला. ओढ्याचं पाणी तापलेल्या अंगावर उडतं आणि धुराबरोबरची ओल पोटात साचते. आम्ही आतून सडतो. आधी डब्याच्या शिवणीला सुईएवढं भोक पडलं. मग बोट जाईल एवढं. काकांनी त्यावर तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा आणि तार गुंडाळली. गाडी डरकाळ्या फोडत चढू लागली. वाड्यांवरची माणसं हसून म्हणत, काकांची गाडी निघाली की खालच्या इस्पितळातले डॉक्टर आधीच हातमोजे घालतात.

गावातल्या गॅरेजचा मिस्त्री काकांचा जुना दोस्त. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, यात आता जोडण्यासारखं काही उरलं नाही, पुढच्या पाइपापासून शेवटापर्यंत सगळा सेट बदलू. सेट मागवलासुद्धा. तो गॅरेजच्या फळीवर कागदात गुंडाळून पडून राहिला. काका आज नको, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत राहिले.

लोकांना वाटलं, आळस. मिस्त्रीला वाटलं, हट्ट. पण माझा आवाज जितका फाटत गेला, तितके काका पुन्हा नीट गिअर टाकू लागले होते. मधली काही वर्षं ते गिअर चुकवत, इंजिन उगाच ताणत. आता या गडगडाटात त्यांना इंजिन परत सापडलं होतं. मी दुरुस्त झालो असतो, तर त्यांच्यासाठी गाडी मुकी झाली असती.

पुढे जे झालं ते थंडीतल्या एका सकाळचं आहे. वरच्या वाडीत एक मुलगी बाळंत झाली होती आणि तिचा ताप उतरत नव्हता. तिला स्ट्रेचरवर घेतलं, बाळाला तिच्या सासूच्या मांडीवर दिलं. वारा बोचरा होता. सिस्टरनं बाळासाठी मागची दोन्ही झडपं घट्ट लावली, दाराच्या फटीत चादर कोंबली. बरोबरच केलं तिनं. कुठलीही आई तेच करेल.

ओढा उतरताना एक खडक मला खालून लागला. तार तुटली, पत्रा उडाला आणि माझा सांधा मागच्या खोलीच्या बरोबर खाली उघडा पडला. त्या खोलीची जमीनही गंजून फाटलेली होती. जो धूर मी माणसांपासून लांब न्यायचा, तो सरळ वर गेला.

मला वरचं ऐकू येत होतं. आधी सासूबाई म्हणाल्या, डोळे चुरचुरतात. मग म्हणाल्या, डोकं जड झालंय. बाळंतीण बोलेनाशी झाली. बाळ आधी रडत होतं, ते थांबलं, आणि आजीला वाटलं झोपलं. सिस्टरनं बाळाला हातात घेतलं. मग तिनं काचेवर हात मारला.

‘‘बाबा, गाडी थांबवा!’’

काका चालवत राहिले. ती पुन्हा ओरडली. मुठीनं काच बडवली. माझा आवाज इतका होता, की मागचं पुढे जाणं कठीणच होतं. पण तिच्या हाका मला खाली ऐकू येत होत्या, हे मी सांगतो. काका समोरच्या वळणाकडे पाहत होते. तिनं कोंबलेली चादर ओढून काढली आणि चालत्या गाडीचं मागचं दार लाथेनं उघडलं. दार धाडकन गाडीच्या बाजूच्या पत्र्यावर आदळलं. ते काकांना आरशात दिसलं, तेव्हा गाडी थांबली.

सगळ्यांना रस्त्याच्या कडेला मोकळ्या हवेत आणलं. बाळंतिणीला सासूनं धरून बसवलं. सिस्टर बाळाची पाठ चोळत होती, पावलांना टिचक्या मारत होती. काका दोन्ही हात लोंबकळत ठेवून उभे होते. बाळ खोकलं, मग रडलं. त्या रडण्यानं सासूबाईही रडू लागल्या.

सिस्टर वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘मी इतक्या हाका मारल्या, बाबा.’’ काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते म्हणाले, ‘‘हो, थंडी फार आहे.’’

ती बाळाला घेऊन परत मागे चढली. दारं-झडपं उघडी टाकून, पांघरुणं लपेटून, ते हळूहळू खाली उतरले. इस्पितळात आई आणि बाळ दोघं बचावली. तिथून गाडी काका आणि सिस्टरला घेऊन सरळ गॅरेजवर आली.

या वेळी काका नको म्हणाले नाहीत. मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली, खाली मजबूत लाकडी ठोकळे लावले, सांध्यांवर गंज सोडवणारं तेल मारलं आणि ते मुरेपर्यंत थांबला. तरी इंजिनाजवळचे बोल्ट हलेनात. एक तर पान्याखाली सडक्या काडीसारखा मोडला. शेवटी त्यानं ग्राइंडरनं मला मधोमध कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि काका दिवा धरून माझ्याकडेच पाहत होते. लटकवणारी रबरं कापली, तसा मी जमिनीवर पडलो. आयुष्यात पहिल्यांदा मला गाडी बाहेरून दिसली. मला वाटलं होतं त्याहून ती लहान होती.

नवा पाइप चढला, नवी वॉशर, नवी रबरं, नवा डबा. मिस्त्रीनं सगळे सांधे हातानं चाचपले. मग खोलीच्या फाटक्या जमिनीवर त्यानं जाड पत्रा जोडला आणि काकांना म्हणाला, ‘‘घ्या काका, मारा चावी.’’

काका बसले, चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. कसं सांगू तुम्हाला, किती हलकं, किती नीट चालू झालं ते. मिस्त्री खूश होऊन हात पुसू लागला. आणि काकांनी परत चावी फिरवली.

तो किर्रर्र आवाज सगळ्या गॅरेजभर झाला. मिस्त्रीचे हात थांबले. काकांनी बोनेटकडे पाहिलं, आणि ते चावी तिसऱ्यांदा फिरवायला गेले. तेव्हा सिस्टरनं खिडकीतून हात घालून त्यांचा हात धरला. चावी तिनंच बंद केली.

मिस्त्री काहीतरी आणायला म्हणून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. भला माणूस.

ती दार उघडून काकांच्या समोर उभी राहिली. ‘‘कधीपासून, बाबा?’’

काका तिच्या ओठांकडे पाहत होते. ‘‘झाली बरीच वर्षं,’’ ते म्हणाले. ‘‘तू आलीस त्याच्या आधीपासून. आधी बारीक आवाज गेले. पाखरं, घड्याळ. मग माणसं.’’

‘‘सांगितलं का नाही?’’

‘‘गाडी काढून घेतली असती. मग मी काय करणार होतो?’’

ती बोलली, पण खाली मान घालून. काकांना कळलं नाही. त्यांनी तिची हनुवटी वर केली. तिनं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द वेगळा करून. ‘‘मला वाटलं, मी परत आले म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही.’’

काकांचा चेहरा पाहवला नाही मला. ते गाडीतून उतरले. ‘‘अगं, तू सारखी हळू बोलायचीस,’’ ते म्हणाले. ‘‘काहीतरी मोठं दुःख सांगते आहेस, एवढं दिसायचं. मला शब्द लागायचे नाहीत. भलतंच उत्तर दिलं तर तुला लागेल, म्हणून गप्प बसायचो. तू आलीस त्या दिवशी मी तुझी ट्रंक उचलली ना, तेव्हा बरं वाटलं होतं मला. घरात परत कुणीतरी आलं. तेवढं तरी सांगायला हवं होतं.’’

आणि मग काका म्हणाले, ‘‘ते पोर गेलं असतं आज.’’ दोघं तिथेच, माझ्या तुकड्यांजवळ, फरशीवर बसली.

काकांनी चावी केंद्रात नेऊन दिली. गाडीवर आता दुसरा ड्रायव्हर आहे. मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगत असतो, त्यातून मला कळतं. कानाच्या डॉक्टरांनी काकांना यंत्र दिलंय. त्यातून सगळं येत नाही, पण बरंचसं येतं. काका कुरकुरतात, की चमच्यांचा इतका आवाज होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ते गाडीच्या खाली शिरून सांधे तपासतात आणि मगच ती वर जाऊ देतात. कधीकधी मागच्या बाकावर बसून तेही जातात आणि म्हाताऱ्या रुग्णांशी मोठ्यानं गप्पा मारतात. सिस्टर म्हणते, आता त्यांना गप्प करावं लागतं.

मी गॅरेजच्या मागे, दोन तुकड्यांत पडलो आहे. पोटात गंजाचा भुगा आहे. वारा आला की खुळखुळतो. आज भंगाराची गाडी आली आहे. वितळवतील, पुन्हा पत्रा होईल, मग कशाचा काय होईन, मला ठाऊक नाही. त्याचं वाईट वाटत नाही.

जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी गप्प झालं असेल, भलतीच उत्तरं देत असेल, तर त्याला हसू नका आणि रुसूही नका. समोर बसा, उजेडात, चेहरा दिसेल असे. काय झालं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.

एक फुटकी बादली चढली वर. आता मला उचलताहेत.