संत्र्याची खूण

धाकटीने देवाकडे खूण मागितली ती संत्र्याची. हसू नका. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी बाई ती, देवाशीही नंबर तपासल्यासारखीच बोलणार: हे की ते, नीट सांग.

झालं असं, की डोंगरापलीकडच्या मिशनच्या इस्पितळाला चष्मे बनवणारं माणूस हवं होतं. पाळकांनी उपासनेत ते सांगितलं. ही हाक आपल्यालाच, असं धाकटीला वाटलं. पण घरी बाबा अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचं सगळं करायला ती आणि ताई दोघीच. देवाची हाक कुठली आणि आपली हौस कुठली, हे ओळखायचं कसं? म्हणून तिने देवाला सांगितलं, मी राहावं अशी तुझी इच्छा असेल तर येत्या रविवारी कुणीतरी, काही कारण नसताना, माझ्या हातात संत्रं ठेवू दे. नाही ठेवलं, तर मी निघाले.

ही खूण तिने एकाच माणसाला सांगितली. त्या घरात लहानपणापासूनची रीत होती, मोठं मागणं एकटीने मागायचं नाही, दोघींनी हात धरून मागायचं. ताईने हात धरला, आमेन म्हणाली. डोळेसुद्धा पुसले.

रविवारी उपासना सुटली आणि चर्चची घंटा वाजवणाऱ्या मावशींनी धाकटीच्या हातात संत्रं ठेवलं. धाकटी तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडली. जाणं राहिलं याचं वाईट वाटलंच, पण एवढ्या मोठ्या देवाने आपलं ऐकलं, याने तिचा ऊर भरून आला. तिने इस्पितळाला नकार कळवला. संत्रं खाल्लं नाही, खिडकीत ठेवलं, सुकून खडा झालं तरी टाकवेना. बाबांना उचलून उचलून कंबर मोडली, पण तिने कधी हूं की चूं केलं नाही. देवाने ठेवलंय म्हटल्यावर कुरकुर कुणापाशी करायची?

वर्ष सरत आलं. मावशी चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात आल्या आणि बोलता बोलता विचारू लागल्या, तुझं नि ताईचं मिटलं ना ग? धाकटीला काही कळेना. मावशी भाबड्या, सांगत सुटल्या. ते संत्रं ताईनेच दिलं होतं म्हणे. आमचं भांडण झालंय, माझ्या हातून ती घेणार नाही, तुम्हीच द्या आणि माझं नाव काढू नका, असं म्हणाली होती.

धाकटीने दांडीचा स्क्रू पिळला, काचा पुसल्या, चष्मा मावशींच्या हातात दिला. मग दुकान तसंच सोडून ती घरी गेली.

ताई बाबांच्या चादरींच्या घड्या घालत होती. धाकटीने खिडकीतलं संत्रं उचलून चादरीवर ठेवलं. ताईचा चेहरा उतरला. तिने कानांवर हात ठेवले नाहीत, तेवढं तिच्या पदरात टाकायला हवं.

"बाबांना मी एकटी कशी उचलणार होते?"

"मग तसं म्हणायचंस. मी राहिले असते."

"राहिली असतीस. पण जन्मभर ऐकवलं असतंस. देवाचं नाव आलं की तू तोंड उघडत नाहीस, हे मला ठाऊक होतं."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. पोटातल्या गोष्टी जिला सांगितल्या, तिनेच त्यांचा दोर करून हिला दावणीला बांधलं होतं. आणि वर्षभर हिने आभार मानले ते कुणाचे?

संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी ताईने सवयीने हात पुढे केला. धाकटीने आपला हात मागे घेतला आणि एकटीच गुडघे टेकले. देवा, तू खरंच काय म्हणाला होतास? तिने खूप वेळ कान लावला. आतून जे जे उमटलं, ते सगळं ताईच्याच आवाजात.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली, कुणी आहे का. ही हाक मात्र कुणी पढवून पाठवलेली नव्हती. धाकटी उठली. मागोमाग ताईही आली. एकीने खांद्याखाली हात घातला, दुसरीने गुडघ्यांखाली, आणि दोघींनी बाबांना उचललं. धाकटीने ताईकडे पाहिलं नाही.