कण्हेरीची छाट

सहादेवतात्यांनी मेलेल्या बैलाच्या जबड्यात दोन बोटं घातली आणि दाढेमागून एक पान ओढून काढलं. अरुंद, टोकदार, चघळून काळपट झालेलं. ते त्यांनी मुठीत मिटलं.

"दात कशाला बघताय, तात्या?" गोठ्याच्या मेढीला टेकून बसलेला शेजारचा कानिफनाथ म्हणाला. "आता काय मिरजगावच्या बाजारात उभा करायचाय?"

बैलाचा मालक बन्सी पाठीमागं उकिडवा बसून त्याच्या पाठीवरच्या गोमाश्या वारत होता. जोडीतला दुसरा बैल दावणीला उभा राहून पाय बदलत होता. गुरांचा डॉक्टर कर्जतहून यायला दोन दिवस लागले असते, म्हणून जनावराचं कळणारा म्हातारा बोलावला होता.

पान कशाचं, हे तात्यांना निरखून पाहावं लागलं नाही. त्र्याहत्तरच्या त्या फाल्गुनात गावात हिरवं असं एकच झाड उरलं होतं. त्यांच्या परसातली तांबडी कण्हेर. त्यांच्या बायकोनं, चांगुणानं, लावलेली. चांगुणा जाऊन चार वर्षं झाली होती. भांडी विसळलेलं, तोंड धुतलेलं पाणी तात्या कण्हेरीलाच घालत. माघात उंच फांद्या छाटत, म्हणजे उन्हाळ्यात तिला पाणी कमी लागे. छाटलेलं सगळं त्याच दिवशी खड्ड्यात पुरून टाकत. ओल्या कण्हेरीला जनावर सहसा तोंड लावत नाही. वाळली की कडूपणा उतरतो, विष तसंच राहतं. यंदा दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आल्यावर त्या दगडासारख्या जमिनीत खड्डा खणायचं त्राण अंगात नव्हतं. ढीग बांधावर पडून राहिला.

परवा बन्सीची बायको लंका बांधावर आली होती.

"तात्या, ह्ये वाळलेलं घिऊ का?"

चुलीला नेत असेल, असं तात्यांना वाटलं होतं. "ने की," ते मान वर न करता म्हणाले होते.

आता ती दारात उभी होती, पदराचं टोक दातात धरून. तिची नजर तात्यांच्या मिटलेल्या मुठीवर होती.

"लंकी म्हनती, चिपाडाबिगर काय बी घातलं न्हाई," बन्सी म्हणाला. "घातलं आसंल, तर आजच म्हायेरी धाडतो हिला. पुन्यांदा आनत न्हाई."

तिचं माहेर शेवगावकडचं. घरातले सगळे ऊसतोडीला गेलेले, दाराला कुलूप. हे तात्यांना ठाऊक होतं. बन्सीलाही.

"फऱ्याचा रोग वाटतोय," तात्या म्हणाले.

बन्सीचा हात थांबला. "फऱ्या? मग ह्या दुसऱ्याला चाऱ्याच्या छावनीत घेतील का? उद्याची चिठ्ठी मिळालीया."

"फऱ्याच्या दावनीचं जनावर?" कानिफनाथ म्हणाला. "फाटकातनंच हाकलतील. बाकीची गुरं मारायचीत का त्यांना?"

"घरात एक पेंढी न्हाई," बन्सी म्हणाला. तो दोघांपैकी कुणाशीच बोलत नव्हता.

तात्यांनी दावणीच्या बैलाकडं पाहिलं. मग त्यांनी मूठ उघडली.

"फऱ्या न्हाई. कन्हेर हाय, माझी. औंदा छाटली, पन पुरली न्हाई. दुपारी बैल पान्यावर सोडतोस, तवा बांधाकडं गेला आसंल."

बन्सीनं पान हातात घेतलं, उलटसुलट केलं. भिंतीला लावलेली कुऱ्हाड उचलून तो तात्यांच्या परसाकडं चालू लागला. कानिफनाथ त्याच्या मागोमाग गेला. जरा वेळानं घाव ऐकू येऊ लागले.

तात्या जागचे उठले नाहीत.

"उरलंय का काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"सकाळीच जाळलं," लंका म्हणाली.

घाव थांबले. बन्सी परत आला तेव्हा त्याच्या मनगटावर कण्हेरीचा पांढरा चीक उडालेला होता.

"हात धू आधी," तात्या म्हणाले.

"तुमाला सगळं ठावं हुतं की," बन्सी म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "पुरायचं आस्तंय, ह्ये तुमीच समद्यांला सांगायचा. आता पेरनीला जू कोन धरनार? तुमी?"

"चुकलं माझं."

लंकेनं पदर दातातून सोडला. घागरीतून तांब्या भरून तिनं नवऱ्याच्या हातावर धार धरली.

"मी कवाधरनं सांगत हुते," ती खाली बघत म्हणाली. "तात्या, त्यो ढीग उचला म्हनून. आयकलंच न्हाई त्यांनी."

बन्सीनं तात्यांकडं पाहिलं. कानिफनाथानंही.

तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"सांगत हुती," ते म्हणाले.