वरचं पाणी

नळ्या गरगर फिरवणारं यंत्र थांबलं तसं तिनं झाकण उघडून नळी उजेडाकडे धरली. या एका नळीतून बरंच मिळायचं होतं: प्रबंधातली अडलेली शेवटची आकृती, सहा वर्षं लटकलेली पदवी, आणि ‘अजून किती शिकणार?’ म्हणणाऱ्या तमाम आत्या-मावश्यांची बंद झालेली तोंडं. आईला मिळायचं होतं ते एकच: दादा कुणाच्या तरी कामी आल्याचं समाधान.

दादाची अस्थिमज्जा उपचारांआधी काढून गोठवली होती, पुढे त्यालाच परत चढवायला. ती वेळ येण्याआधीच तो गेला. आईनं सही करून ती प्रयोगशाळेला दिली, कारण धाकटी तिथेच राबत होती. सहा कुप्यांतली ही शेवटची. आधीच्या पाच, शास्त्राच्या रीतीप्रमाणे, चुका करण्यात गेल्या.

रक्ताची मूळ पेशी तांबडी-पांढरी पेशी व्हायला निघाली की आपल्या पटलाच्या, म्हणजे आवरणाच्या, इवल्या पिशव्या सोडते. आपल्या मूळपणाची खूण त्यांत बांधून बाहेर टाकते आणि इतरांसारखी होऊन जाते. दहा दिवस दादाच्या पेशी हेच करत होत्या. नळी फिरवली की पेशी तळाशी ठिपका होऊन बसतात. पिशव्या राहतात वरच्या पाण्यात. तिला हव्या होत्या त्या पिशव्या.

“बसला का गं ठिपका?” पलीकडच्या टेबलावरून काकांनी विचारलं. काका इथले जुने तंत्रज्ञ. पाणी ओतायचं, ठिपका जपायचा, हे वळण येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला त्यांनीच लावलेलं.

“बघा ना, केवढा बसलाय.”

“बसणारच, दादा आहे तुझा. इथे आला की माझी खुर्ची धरून बसायचा, उठायचं नाव नाही.”

ती हसली. हसता हसता नळी तिरकी करून तिनं वरचं पाणी ब्लीचच्या भांड्यात ओतलं. ठिपका जराही हलला नाही. हात इतका सुरेख चालला की काका कौतुकानं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

“अगं, आज पाणी ठेवायचं होतं ना?”

भांड्यातलं गुलाबी पाणी फिकट होत होत पांढरं झालं. ते होईतो ती बघत राहिली.

“तुझ्या गाईड मॅडमना मी सांगतो, माझ्या हातून सांडलं म्हणून.”

“नको, काका.”

“आणि या पेशी?”

“त्या आता कुणाच्याही असतात तशा. आठवडाभर जगतील.” तरी तिनं त्यांवर ताजं पोषणाचं पाणी घातलं आणि त्या उबेच्या कपाटात नेऊन ठेवल्या.

दुपारी आईचा फोन आला.

“झालं का गं तुझं? कामी आला तो?”

“आला. छान आला.”

“वाटलंच. कुणाला नाही म्हणणं जमलंच नाही त्याला कधी. उरलाय का थोडा?”

तिनं कपाटाच्या दारावर हात ठेवला.

“उरलाय.”

“मग तेवढा राहू दे. मागितला तरी देऊ नकोस.”

मॅडमचा शोधनिबंध चार महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी नमुन्यावर निघाला. त्यातल्याच आकृतीवर तिला पदवी मिळाली. काकांना कुणी अवाक्षर बोललं नाही. पेशी नवव्या दिवशी संपल्या, सांगितल्यापेक्षा दोन दिवस जास्त काढून. आई अजून अधूनमधून विचारते, तो नीट आहे ना तिथे. आणि ती दर वेळी आहे म्हणते.