दिसलेली चूक

शिरूरच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत राजनंदिनी यायच्या आधी सी भाषेतलं सगळं अवघड काम हर्षदाकडं यायचं. आता काही अडलं की कंपनीचे मालक बापूसाहेब सर म्हणायचे, "राजनंदिनीला दाखवा." हर्षदा कासुर्डीच्या धनगराची लेक, घरातली पहिली डिप्लोमा झालेली. तिला हे गिळवत नव्हतं. त्यात राजनंदिनी स्वभावानं इतकी चांगली, की तिच्याविषयी कुणापाशी कुरकुर करायचीही सोय नव्हती.

यवतच्या दूध संकलन केंद्राचं कामही राजनंदिनीलाच मिळालं. फॅट मोजणाऱ्या मशिनची फाइल वाचायची आणि ज्याच्या त्याच्या दुधाचा आकडा पडद्यावर दाखवायचा. दाखवायच्या दिवशी सरांनी दोघींनाही यवतला नेलं. शिरूरला फाइल प्रोग्रॅमच्या शेजारीच ठेवलेली, म्हणून तिचा पूर्ण पत्ता न देताही सगळं सुरळीत चाललं होतं. इथं ती डी ड्राइव्हवर, 'तपासणी' फोल्डरात 'नोंद' नावानं होती. राजनंदिनीनं तिथंच बसून इंग्रजीत फाइलचा पूर्ण पत्ता कोडमध्ये टाकला. प्रोग्रॅम म्हणाला, फाइल उघडत नाही.

हर्षदानं मागून ओळ वाचली आणि तिला चूक लगेच दिसली. पत्त्यात नावांच्या मधे येणाऱ्या उलट्या तिरप्या रेघेपुढं टी आला की सी तिथं मोकळी जागा सोडतं, एन आला की नवी ओळ धरतं. फोल्डर टी-नं सुरू होत होता, फाइल एन-नं. रेघ दोनदा द्यायची, एवढंच.

ती बोलली नाही. राजनंदिनीनं फाइलचं नाव ताडून पाहिलं, अँटिव्हायरस बंद केला. केंद्राचे आण्णा दारात उभे राहून सरांकडं बघत होते. हर्षदाला आतून गार वाटत होतं.

"हर्षदा, तुला काही दिसतंय का?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर."

शेवटी राजनंदिनीनं तो पत्ताच पडद्यावर छापून पाहिला. मधे भलीमोठी फट, पुढचा तुकडा खालच्या ओळीत, टी आणि एन गायब. ती स्वतःशीच हसली, रेघा दुप्पट केल्या. फाइल उघडली, आकडे भराभर आले.

"शाबास," सर म्हणाले.

"अडलं की छापून बघायचं, हे मला हर्षदानंच शिकवलंय सर," राजनंदिनी म्हणाली.

हर्षदाच्या अंगाची आग झाली. मनाचा मोठेपणाही हिच्याच वाट्याला यावा?

संध्याकाळी दोघी यवतच्या स्टँडवर थांबल्या. राजनंदिनीला तळेगाव ढमढेऱ्याला जायचं होतं.

"तुला आधीच दिसलं होतं ना?" तिनं शांतपणे विचारलं. "सरांनी विचारलं तवा तू माझ्याकडं बघितलं न्हाईस."

"व्हय. दिसलं होतं."

"मग?"

"तुझी फजिती बघायची होती."

राजनंदिनीनं मान वळवली. रस्त्यावरून ट्रक जात राहिले. हर्षदाला वाटलं, ही आता दोन शिव्या देईल तर बरं. पण राजनंदिनीची गाडी आली, तशी ती पिशवी उचलून निघाली.

"थांब," हर्षदा म्हणाली. "पुढच्या केंद्राला पत्ता कोडमध्ये न टाकता सेटिंगच्या फाइलीतून वाचणार हायेस ना? वाचलेल्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह चिकटून येतं. ते काढ, न्हाईतर परत फाइल उघडायची न्हाई."

राजनंदिनी पायरीवर एक पाय ठेवून क्षणभर थांबली.

"उद्या तूच काढून दे," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

जळजळ काही गेली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी हर्षदा सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली आणि तिनं राजनंदिनीच्या कोडमध्ये ते चिन्ह काढणारी ओळ घातली.