कडेचे एक्केचाळीस तारे

फुग्यासारख्या त्या वायूच्या ढगात मी चार महिने डोकं खुपसून बसले होते. मधला तापलेला तारा वायू बाहेर ढकलतो, तो कडेला साचतो आणि तिथे नवे तारे जन्मतात, असं मी शोधनिबंधात ठोकून दिलं होतं. कडेवर एक्केचाळीस कोवळे तारे मोजले होते. संध्याकाळी निबंध पाठवायचा होता.

दुपारी बाबांना फोनवर हे सांगितलं, तर ते खूश झाले. "बघ, ढकलल्याशिवाय कोणी घडत नाही. मी मागे लागलो म्हणून तू इथवर पोचलीस."

ते दादाच्याही असेच मागे लागले होते. तो घर सोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली.

फोन ठेवल्यावर मला खुर्चीत बसवेना. येरझारा घालून घालून पाय दुखले, तेव्हा कुठे मी सुरुवातीलाच करायचं ते काम केलं. फुग्यापासून लांब, जिथे ढकलणारं कोणीच नाही, तिथल्या तेवढ्याच वायूतले कोवळे तारे मोजले. चाळीस भरले.

मी बाबांना पुन्हा फोन लावला. "बाबा, माझं चुकलं. ढकललं नसतं तरी तेवढेच तारे झाले असते."

मग त्यांनी विचारलं, "दादाचा नंबर आहे का तुझ्याकडे?"