हँडब्रेकची चौकशी

यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस! लिफ्टचे निरीक्षक म्हणून निरीक्षकांनी सगळी नोकरी या एका वाक्यावर काढली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, की आतल्या माणसांना बाहेर काढण्याआधी ते बाहेरून त्यांना हे वाक्य ऐकवत. आतली माणसं निमूट ऐकून घेत, कारण त्यांना दुसरीकडे जायची सोय नसे. निरोपसमारंभातही ते हेच म्हणाले आणि तेवढ्यात माइक बंद पडला. चूक माइकची नाही, माइक जोडणाऱ्याची आहे, हे त्यांनी उरलेलं भाषण विनामाइक करून सिद्ध केलं.

तर असे हे निरीक्षक रविवारी सकाळी स्वतःच्या गाडीखाली उताणे पडून यंत्राची चूक शोधत होते.

झालं होतं असं. त्यांच्या घरासमोर गाडीपुरती सपाट फरशी होती आणि तिथून फाटकापर्यंत उतार. मागच्या आठवड्यात निरीक्षकांनी गाडी उतारावरच उभी केली, घरात जाऊन चपला काढल्या, आणि ते चष्मा पुसत असताना गाडी एकटीच निघाली. मागे मागे सरकत फाटकातून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दंतवैद्याच्या फाटकाला जाऊन भिडली. तिथे दंतवैद्याची आई रोज सकाळी खुर्ची टाकून उन्हात बसायची. त्या दिवशी ती नेमकी औषध घ्यायला आत गेली होती. खुर्ची बाहेरच होती. खुर्चीबद्दल आता 'होती' एवढंच म्हणता येतं.

"दोन सळ्या वाकल्यात फक्त," दंतवैद्य म्हणाला. "वाकडं सरळ करणं हा माझा धंदाच आहे." त्याने हसायचा प्रयत्न केला, पण आईकडे बघितल्यावर त्याला ते पूर्ण जमलं नाही.

निरीक्षकांची बायको त्या दिवशी बहिणीकडे गेली होती. संध्याकाळी परत आल्यावर तिने आधी गाडीकडे बघितलं, मग समोरच्या फाटकाकडे, मग परसातल्या पाण्याच्या पिंपाकडे, आणि काहीच विचारलं नाही. बायको काही विचारत नाही त्याअर्थी तिला सगळं पटलं आहे, असा निष्कर्ष निरीक्षकांनी काढला. इतक्या वर्षांच्या संसारात हा निष्कर्ष एकदाही बरोबर आला नव्हता, पण त्यांनी पद्धत बदलली नव्हती.

लेकीने मात्र फोनवर विचारलं. "बाबा, हँडब्रेक ओढला होतात ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"प्रश्नच आहे. उत्तर द्या."

"ब्रेक सैल झालाय. वापरून वापरून केबल ताणली जाते. तांत्रिक बाब आहे, तुला नाही कळायची."

"बरं. मग रविवारी मी येते. तोवर तुमची तांत्रिक बाब घट्ट करा आणि उतारावर गाडी धरून दाखवा. नाहीतर किल्ली माझ्याकडे. ती म्हातारी तिथे बसली असती तर, बाबा?"

निरीक्षकांनी फोन ठेवला. त्यांना म्हातारीपेक्षा किल्लीची जास्त काळजी वाटली, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली, पण काळजी पुढे होती आणि लाज मागे. जुन्या कचेरीतले मित्र अजून महिन्याकाठी जमत. त्यातल्या निम्म्यांना घरून आणायचं आणि परत सोडायचं काम निरीक्षकांचं. गाडी गेली म्हणजे ते सोडणाऱ्यांतून निघून सोडल्या जाणाऱ्यांत जमा होणार. सोडल्या जाणाऱ्या माणसाला सोडणाऱ्याचा चहा संपेपर्यंत उठता येत नाही, आणि त्याचे विनोद संपल्यावर हसावंच लागतं. आपल्या विनोदांना मित्र इतकी वर्षं का हसत आले, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

म्हणून रविवारी सकाळीच काम सुरू झालं. गाडी सपाट फरशीवर घेतली. मागची बाजू जॅकने उचलून दोन लोखंडी घोड्यांवर टेकवली.

"पुढच्या चाकाला काहीतरी अटकाव..." एवढं ते म्हणतात तोच बायकोने वीट आणून चाकाला लावलीसुद्धा. विटेची एक कड झिजून खोलगट झाली होती आणि तिच्यावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा होता.

"ही कसली वीट आणलीस? झिजलेली आहे."

"चालेल," बायको म्हणाली. "हिला सवय आहे."

निरीक्षक गाडीखाली सरकले. पोट आधी अडलं, मग समजुतीने आत आलं. बायको ड्रायव्हरच्या जागेवर बसली, कारण एकाने खालून बघायचं आणि दुसऱ्याने वरून हँडब्रेकचा दांडा ओढायचा, असं हे काम असतं.

"ओढ!"

"ओढला."

"किती कटकट झाली?"

"आजची, की एकूण?"

"दांड्याची! ओढताना कट कट आवाज येतो तो मोज."

"पाच. नाही, सहा."

पाच-सहा म्हणजे उत्तम. सैल ब्रेक दहा-बारा वेळा कटकटतो तेव्हा कुठे धरतो. निरीक्षक सरपटत बाहेर आले आणि त्यांनी मागचं चाक दोन्ही हातांनी फिरवून बघितलं. चाक हललं नाही. पाय लावून बघितलं. पाय दुखला, चाक तसंच. दुसऱ्या बाजूचं चाकही तितकंच हट्टी निघालं. ते पुन्हा खाली गेले. केबल ताठ होती. ताण कमी-जास्त करायचा नट जिथे असायला हवा तिथेच होता आणि त्याच्यावर साधा गंजही नव्हता. नोकरीत असते तर त्यांनी डोळे मिटून सही केली असती.

ब्रेक निर्दोष होता.

निरीक्षक गाडीच्या पोटाकडे बघत पडून राहिले. मग त्या दिवशी ती सुटली कशी? त्यांनी आठवून बघितलं. दांड्यावर ठेवलेला स्वतःचा हात त्यांना स्पष्ट दिसला. पण हा हात त्याच दिवशीचा, की आदल्या दिवशीचा, की दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी मंगळवारचा? इतकी वर्षं तोच हात, तोच दांडा. हातावर कुठे तारीख घातलेली असते?

मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पाना लावला आणि चांगला घट्ट नट भराभर सैल करून टाकला.

"ओढ आता."

कट कट कट कट कट... दांडा पार उभा राहिला. चाक भिंगरीसारखं फिरलं.

"बघ!" निरीक्षक आनंदाने ओरडले. "कसा सैल झालाय!"

"मघाशी घट्ट होता ना?" वरून आवाज आला.

"मघाशीचं विसर."

"मी विसरले तर कसं चालेल?" बायको म्हणाली. निरीक्षकांना तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता दुरुस्तीला जागा झाली होती. त्यांनी नट होता तिथे परत आणला, मोठ्या मायेने, एकेक वळसा थांबून, सोडलेल्या दांड्यावर चाक मोकळं फिरतं आणि ओढलेल्या दांड्यावर हलत नाही याची खात्री करत. अंगठ्याचं साल निघालं. तो पुरावा त्यांनी पुसला नाही. बिघाड आपलाच असला तरी दुरुस्ती खरी होती, यात त्यांना समाधान वाटलं. गाडी खाली उतरवली. अवजारं पुसून पेटीत गेली. वीट कुठे गेली ते त्यांनी बघितलं नाही.

लेक फाटकाशी आली तेव्हा निरीक्षक गाडी सपाटीवरून मागे घेत उतारावर आणत होते. गाडीचं तोंड घराकडे आणि पाठ रस्त्याकडे. बायको बाजूला हातात भाजीची पिशवी घेऊन उभी होती. रविवारी सकाळी ती कुठली भाजी आणायला निघाली होती, हे कुणी विचारलं नाही.

निरीक्षकांनी पायाने ब्रेक दाबून धरला आणि खिडकीतून मान बाहेर काढली. "बघ हं. गिअरमध्ये ठेवून दाखवणार नाही. गिअरने धरलेली गाडी म्हणजे कॉपी करून पास झालेलं पोर. हे बघ, न्यूट्रल!"

"बाबा, त्या समोरच्या आजी आता बाहेर बसतच नाहीत म्हणे. फाटक वाजलं तरी दचकतात. आत्ता डॉक्टर भेटले, ते सांगत होते."

"म्हणजे तोही माझ्याच नावाने बोंब मारत हिंडतोय?" निरीक्षक भडकले. "मी स्वतः जाऊन माफी मागितली. खुर्ची आणून दिली, आधीच्यापेक्षा चांगली. आणि ज्या गोष्टीत माझा काडीचा दोष नाही..." बोलता बोलता त्यांनी दार उघडलं आणि तावातावाने खाली उतरले.

गाडी बोटभर मागे सरली आणि थांबली.

"दिसलं? केबल आधी ताण घेते, मग धरते. याला म्हणतात काम!" त्यांनी सोललेला अंगठा वर केला. "आता जा. गाडीच्या मागे उभी राहा."

"कशाला पण?"

"उभी राहा म्हणतो ना. बापावर विश्वास नसेल तर नसू दे. यंत्रावर ठेव."

लेक गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं. निरीक्षकांनी छताला थोपटलं. गाडी जागची हलली नाही. सगळा आठवडा छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं त्यांना झालं.

"बरं, धरतोय खरा," लेक म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. भांडायला आलेल्या माणसाला भांडावं न लागल्यावर होते तशी. "ठेवा तुमची गाडी. पण आई, तू अशी का उभी आहेस? एक पाय पुढे काढून?"

"मुंग्या आल्यात पायाला."

"मग झटक ना."

"झटकता नाही येत आत्ता."

लेकीने वाकून बघितलं. आईची चप्पल विटेवर होती आणि वीट मागच्या चाकाखाली. टायर विटेच्या खोलगट कडेत असा बसला होता, जसा कुणी आपल्या रोजच्या उशीवर डोकं ठेवावं. लेक सरळ झाली. बाजूने पुढे आली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून आत डोकावली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दांडा खालीच आहे."

निरीक्षकांनी बघितलं. दांडा आडवा पडला होता, दुपारी झोपलेल्या माणसासारखा. दांड्याला अडकवून धरणारे दाते घसरले असतील असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण दाते घसरत नाहीत हे त्यांनीच तासाभरापूर्वी तपासलं होतं. ब्रेक उत्कृष्ट होता. फक्त तो कुणीतरी ओढायला हवा होता.

यंत्र कधी चुकत नाही. वाक्याचा पुढचा भाग तिघांनाही पाठ होता. कुणीच म्हटला नाही.

"केव्हापासून?" निरीक्षकांनी बायकोला विचारलं.

"झालं असेल वर्ष."

"रोज?"

"रोज नाही. मधूनमधून तुम्ही लावता की."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझेच डोळे तपासायला घेऊन गेला असता. आणि गाडीतूनच." तिने पाय विटेवरून काढला नव्हता. "त्या दिवशी बहिणीकडे निघताना मनात आलं होतं, वीट लावायला कुणाला तरी सांगावं. मग म्हटलं, एका दिवसाने काय होतंय."

निरीक्षकांनी गाडीच्या मागे उतारावरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. आत्ता तिथे कुणी नव्हतं. मघाशी होतं, आणि त्यांनीच उभं केलं होतं. आग्रहाने.

त्यांनी दार उघडून किल्ली काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली. तिने मागितली नव्हती. मागितली असती तर त्यांना भांडता तरी आलं असतं.

"ब्रेक चांगला आहे पण," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

ती आत बसली आणि तिने सगळ्यात आधी दांडा ओढला. कट कट कट कट कट. इतका स्वच्छ आवाज, की निरीक्षकांनी नकळत मान डोलावली. मग गाडी सुरू झाली, दांडा खाली गेला, गाडी जराशी पुढे झाली आणि आईने वीट काढून घेतली. ती निरीक्षकांच्या हातात देऊन तिने लेकीला मागे बघत बघत फाटकाबाहेर जायला खुणा केल्या आणि मग ती घरात गेली. समोर नव्या खुर्चीत आज कितीतरी दिवसांनी कुणीतरी बसलं होतं. गाडी मागे येताना दिसताच म्हातारी उठली आणि भिंत धरून आत निघून गेली.

गाडी वळली. निरीक्षक वीट हातात घेऊन उतारावर उभे राहिले. आता काहीतरी बोलायला हवं होतं. यंत्राबद्दल, माणसाबद्दल, म्हातारपणाबद्दल, एखादं शेवटचं वाक्य, जे पुढे लोकांनी सांगावं. शब्द जुळतही आले होते.

तेवढ्यात परसातून बायकोचा आवाज आला.

"अहो, ती वीट आणा ना इकडे. वर्षभर पिंप डुगडुगतंय."